वीतभर फीत

माझ्या हातात कला आहे. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसले तर केस पांढरे व्हायचे, आणि ते तर होऊन बसलेच आहेत. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात वीस-बावीस वर्षं मी शिलाई मशीन चालवते. आईच्या साडीचा लेकीला ड्रेस, फाटक्या शालूची दुलई, लग्नातल्या ब्लाउजला दोन बाळंतपणांनंतरचं माप, असली कामं माझ्याकडे येतात. जे दुसरा शिंपी फेकून द्या म्हणतो, ते घेऊन बाया माझ्या दारात उभ्या राहतात. मी आधी चार शब्द सुनावते आणि मग करून देते. हा माझा स्वभाव आहे आणि गावानं तो सोसला आहे.

पण आयुष्यात एकच काम असं केलं की ज्याचा मला खरा, उघड, मान वर करून मिरवावा असा अभिमान आहे, आणि त्या कामात सुईदोऱ्याला हातसुद्धा लावावा लागला नाही. ते काम होतं एका जुन्या व्हिडिओ कॅसेटची नक्कल काढायचं.

कॅसेट आमच्या आत्याच्या लग्नाची. त्या लग्नात मी अकरा वर्षांची होते, धाकटा भाऊ सात महिन्यांचा, आणि आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तेहतीस वर्षांचे. लग्नानंतर चौथ्या महिन्यात दादा गेले. शेतातून चालत घरी आले, छातीत कळ येते म्हणाले, आणि हिंगोलीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मागे राहिला भिंतीवरचा एक फोटो आणि ही कॅसेट.

आमच्या घरात बोलताना निम्मी वाक्यं ‘दादा म्हणायचे’ अशी सुरू होतात. दादा म्हणायचे, विहिरीवर शीळ घालू नये. दादा म्हणायचे, भाजीत मीठ कमी असलं तर गुपचूप वरून घ्यावं, बाईला ऐकवू नये. मायचं, म्हणजे आमच्या आईचं, तर दर तासाला एक तरी वाक्य तसं. माझीही पाच-पन्नास आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातली काही मीच रचलेली आहेत. भाऊ मात्र लहानपणापासून नुसता ऐकत आला. त्याच्याकडे स्वतःचं असं एकही ‘दादा म्हणायचे’ नव्हतं. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं, इतकी मी शहाणी.

भाऊ वसमतला असतो, साखर कारखान्यात फिटर आहे. दसऱ्याला तो मायकडे येतो. मी गावातल्या गावात दिलेली, माहेर दोन गल्ल्या सोडून, म्हणून मीही माझं मशीन पुजून तिकडे जाते. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, भावाची मोटरसायकल, मिक्सर, सगळं मांडायचं, त्यावर हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल आणि चिमूटभर साखरेचा नैवेद्य. या रांगेत माय दरवर्षी ती कॅसेट मांडते. सगळ्यात आधी तिची पूजा. बोट पाण्यात बुडवून हळदीचं बोट, मग कुंकवाचं बोट, कॅसेटच्या पुढच्या कडेला, जिथं तिचं झाकण असतं तिथं. दादा गेल्यावर मायनं स्वतःच्या कपाळाला कुंकू लावायचं सोडलं आणि ते कॅसेटला लावायला लागली. आम्ही दोघं भावंडं ते बघतच मोठे झालो, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कधी वाटलंच नाही.

त्या दसऱ्याला पूजा झाली आणि भाऊ कॅसेटकडे बघत म्हणाला, “आक्का, येत्या सालात मी दादापेक्षा मोठा होतो.”

मी म्हटलं, “काय बोलून राहिला?”

“दादा तेहतीसचे असताना गेले न. मला तेहतीस सरून चौतीसावं लागंल. बापापेक्षा लेकरू मोठं. आन् मला अजून त्यायचा आवाज कसा होता हे बी ठाऊक न्हाई. तुमी सगळे सांगता, दादा असं म्हनायचे, तसं म्हनायचे. मी त्यायला माह्याच आवाजात ऐकतो.”

मी कॅसेट उचलली, पिशवीत टाकली आणि म्हटलं, “दिवाळीच्या आत तुला मोबाईलवर घालून देते.”

बोलून तर बसले. पण ती कॅसेट चालेल कशावर, हेही मला माहीत नव्हतं.

आधी मी शहाण्या माणसासारखं केलं. हिंगोलीतल्या एका स्टुडिओत गेले. तिथल्या पोरानं कॅसेट हातात घेतली, उलटीपालटी केली, कुंकवाचा थर नखानं खरवडला आणि हसला. म्हणाला, “ताई, हे म्हशीन आमच्याकडं कधीचंच न्हाई. आन् ह्यात काही राह्यलं बी नसंल. लग्नाच्या जुन्या कॅसेटीत तसं बी नुसती गाणी राहायची. आवाज कोणाचाच नसायचा. फेकून द्या.”

फेकून द्या हा शब्द माझ्यापुढे वापरायचा नसतो. मी त्याला जे बोलायचं ते बोलले. ते इथं लिहीत नाही, कारण त्याचं वय लहान होतं आणि माझं जरा जास्तच झालं. पण परत येताना सेनगावच्या जीपमध्ये बसल्यावर त्याचं एक वाक्य डोक्यातून जाईना. तो खोटं बोलत नव्हता. त्या काळी व्हिडिओवाले लग्नाचं शूटिंग करायचे आणि नंतर सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवायचे. नवरा-नवरी, वरात, रुसलेला मामा, सगळ्यांची तोंडं हलायची आणि वर गाणं. आमच्या कॅसेटलाही तसंच असणार. मग आवाज आणायचा कुठून?

घरी येऊन मायला विचारलं. माय गवारी मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “बोललेत त्यात.”

“सगळी गाणीच राहतात वं त्यात, माय.”

“पंगतीत बोललेत. मी ऐकलंय. वर्षश्राद्धाला तुह्या मामानं भाड्यानं म्हशीन आनलं होतं तव्हा. पंगत आली, दादा बोलले, आन् मी बंद कर म्हनलं. तिथंच बंद केली. पुढं न्हाई पाह्यली आन् मागं बी न्हाई घेतली.”

मी त्या दिवशी घरातच होते म्हणे, पण रडून मागच्या अंगणात जाऊन बसले होते. मायच्या सांगण्यावर मी विश्वास ठेवला. ठेवावा लागला, दुसरं होतं काय?

मशीन मिळालं एका चाचांकडे. हिंगोलीत त्यांचं पूर्वी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आता डोळ्यांनी कमी दिसतं म्हणून घरीच बसतात. त्यांच्या सुनेचे ब्लाउज मी शिवते, त्या ओळखीवर गेले. चाचांनी आत जाऊन जाजमात गुंडाळलेला व्हीसीआर काढला. म्हणाले, “माझ्या लेकीच्या लग्नाची कॅसेट बघायला ठेवलाय, बेटा. विकला न्हाई. घेऊन जा, पण आधी कॅसेट उघड. घाण आत राह्यली तं माझ्या मशीनचं हेड बी जाईल आन् तुझी टेप बी. टेपला दुसरा मौका भेटत न्हाई, हे ध्यानात ठेव.”

कॅसेट तिथंच त्यांच्या ओसरीवर उघडली. खालून पाच स्क्रू. शिलाई मशीनच्या डब्यातला माझा छोटा स्क्रूड्रायव्हर पिशवीत होता, तो बरोबर बसला. वरचं कवच उचललं आणि आतून तीन तांदूळ बाहेर पडले. अक्षता. मग एक वाळलेली झेंडूची पाकळी, आणि मेलेल्या मुंग्या, लाल, ढीगभर. चाचा म्हणाले, “ये कॅसेट है या देवघर?” मला हसू आलं आणि पुढच्याच क्षणी ते गेलं, कारण मी झाकण उचललं होतं.

कॅसेटच्या आत दोन चाकं असतात आणि एका चाकावरून दुसऱ्यावर फीत जाते. मधला तुकडा पुढच्या झाकणाखाली ताणलेला असतो. कॅसेट जिथं थांबवली, तिथला तुकडा झाकणाखाली येतो. बाकी सगळी फीत चाकांवर घट्ट गुंडाळलेली, काळी, चकचकीत, जणू कालच भरलेली. फक्त झाकणाखालचा तुकडा, एक वीतभर, हळद-कुंकवानं लडबडून कडक झाला होता आणि कडेच्या खुंटीला चिकटून बसला होता. तीस-बत्तीस दसऱ्यांची ओली बोटं त्या एका जागी उतरली होती.

आणि मायनं कॅसेट कुठं थांबवली होती? दादा बोलले तिथं.

चाचांनी बोटांनी फीत चाचपली. म्हणाले, “एवढा तुकडा कापून टाक. दोन्ही टोकं चिकटपट्टीनं जोड. बाकी लग्न साफ निघेल. जाऊन जाऊन काय जाईल, आठ-नऊ सेकंद.”

आठ-नऊ सेकंद! माणूस आठ-नऊ सेकंदांत किती बोलतो हे कधी मोजलंय का कोणी? मी घरी येऊन मोजलं. ‘दादा म्हणायचे, भाजीत मीठ कमी असलं तर गुपचूप वरून घ्यावं’ हे वाक्य सहा सेकंदांत होतं.

मी तशीच तरातरा मायकडे गेले आणि तिला फाडफाड बोलले. यंत्राला कोणी पाणी लावतं का, साखर लावतं का, बत्तीस वर्षं एकाच जागी बोटं घासलीस, ज्याला जपायचं त्यालाच मातीत घातलंस. सगळं बोलले. माय एवढंच म्हणाली, “त्यात तुहे दादा हायेत. मंग त्यायला लावू नको तं काय मिक्सरला लावू?”

मिक्सरलाही ती लावतेच, पण हे म्हणायची ती वेळ नव्हती. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि मीही गेले नाही. दोघींचा स्वभाव एकाच मापाचा.

कापणार नाही म्हटल्यावर चाचांनी स्पिरिट सुचवलं होतं, ते मी त्या दोन दिवसांत मेडिकलातून आणलं, जुन्या मलमलीच्या ओढणीचा तुकडा घेतला आणि त्या वीतभर फितीला हलक्या हातानं टिपायला बसले. हळदीची पूड निघाली, कुंकवाची निघाली. पण थर काही सुटेना. खुंटीला चिकटलेली जागा तर तसूभर हलेना. जोर लावला असता तर फीत तुटली असती. मी कात्री हातात घेतली होती, हे कबूल करते. माझी ती मोठी कात्री, कापडाशिवाय कशाला लावत नाही. घेतली आणि ठेवून दिली.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना साखरेच्या डब्याला चमचा चिकटला. मी तो ओढला, निघेना. पाण्याखाली धरला, निघाला. आणि मी तिथंच ओट्यापाशी मोठ्यानं म्हटलं, अगं बयो! चिकटलंय ते हळद-कुंकू नाहीच. ती नैवेद्याची साखर आहे. एवढ्या मुंग्या काय कुंकू खायला आल्या होत्या? आणि साखर स्पिरिटात कशी विरघळेल? साखरेला पाणी लागतं. चाचांना रेडिओ ठाऊक, टीव्ही ठाऊक, पण नैवेद्य कशात विरघळतो हे चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या बाईलाच कळणार.

आमच्या नळाचं पाणी जड, भांड्यावर पांढरे डाग ठेवणारं. ते चालणार नव्हतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी घरात होतं, ते घेतलं. कान साफ करायच्या कापसाच्या काडीचं टोक ओलं करून, पिळून, नुसतं ओलसर, त्या फितीच्या कडेला टेकवायचं. लगेच कोरडी काडी टेकवायची. पुन्हा ओली, पुन्हा कोरडी. श्वास रोखून. एका वेळी तिळाएवढी जागा. चार दिवस मी दुसरं काम केलं नाही. दिवाळीचे ब्लाउज घ्यायला आलेल्या बायांना दारातूनच परत पाठवलं. एकीनं विचारलं, “काय मोती ओवून राहिल्या का बाई?” मी म्हटलं, “व्हय. पुढच्या हप्त्यात या.”

चौथ्या दिवशी दुपारी फीत खुंटीपासून सुटली. अख्खी. एक तंतू न तुटता. मी ती उन्हाकडे न नेता सावलीत धरून बघितली. डाग होते, फिकट लालसर, दोन ठिकाणी फीत चुरगळल्यासारखी होती. पण ती एक होती. बाहेर कोणी नव्हतं, नाहीतर मी साखर वाटली असती. अर्थात कॅसेटपासून लांब उभी राहून.

भावाला फोन केला, “रविवारी ये.” मायकडे स्वतः गेले. तिच्यासमोर फीत धरली. तिनं बघितलं आणि म्हणाली, “तुह्या हातात हाय बाप्पा कला.” मी हे सगळ्यांना सांगते. एवढ्यासाठीच बहुतेक हे लिहायला घेतलं.

नक्कल काढायचं माझं यंत्र म्हणजे घरातलं सामान. चाचांचा व्हीसीआर मायच्या टीव्हीला पिवळ्या-पांढऱ्या वायरीनं जोडला. टीव्हीसमोर घरून उचलून आणलेलं माझं शिलाई मशीन, त्यावर पिठाचा डबा, डब्यावर पाटा, आणि पाट्याला टेकवून सांडशीच्या तोंडात धरलेला माझा मोबाईल, टीव्हीच्या पडद्याचा व्हिडिओ घ्यायला. भावाचा मोबाईल टीव्हीच्या आवाजाच्या जाळीपाशी, फक्त आवाजासाठी. खिडक्यांना चार गोधड्या टांगल्या, म्हणजे पडद्यावर उजेडाची तिरीप नको. रात्री केलं असतं तर गोधड्या लागल्या नसत्या, पण रात्री आमच्याकडे विजेचा दाब असा पडतो की टीव्हीत माणसं आकसतात. पंखा बंद. कुकर बंद. शेजारच्या गिरणीवाल्याला जाऊन सांगितलं, अकरा ते दोन दळू नको. तो म्हणाला, काहून? मी म्हटलं, आमचे दादा बोलणार आहेत. त्यानं गिरणी बंद ठेवली.

चाचांची ताकीद लक्षात होती, कॅसेट एकदाच चालेल असं धरून चाल. म्हणून पहिल्यांदा बघायचं तेव्हाच नक्कल. पुढं ढकलून आधी पंगत बघायचीही सोय नव्हती. मी कॅसेट पूर्ण मागे घेतली, तीही हातानं, बोटानं चाक फिरवत, सव्वा तास. दोन्ही मोबाईल सुरू केले आणि बटण दाबलं.

पडद्यावर आधी पांढऱ्या रेघा, मग गणपती, मग कागदी फुलांच्या चौकटीत आत्या. आत्या इतकी बारीक होती! आणि वर गाणं. हळद लागली, गाणं. वरात आली, गाणं. माझं परकर-पोलकं दिसलं, तेलानं चपचपीत दोन वेण्या, आणि कडेवर भाऊ. दादा दिसले. पांढरा सदरा, गळ्यात उपरणं, धावपळ. ते कोणाला तरी काही सांगत होते, हात वर करून, आणि वर गाणं. भाऊ गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. दादांचे ओठ हलले की तो पुढं सरकायचा आणि पुन्हा मागे टेकायचा. एक तास असा गेला. मंगलाष्टकांवरसुद्धा त्या व्हिडिओवाल्यानं गाणं घातलं होतं. त्या माणसाचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

मी मायकडे बघितलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. डोळे मिटून बसली होती.

पंगत सुरू झाली. पत्रावळी, वाढपी, बुंदीची परात. गाणं चालूच. आणि मधेच माय डोळे न उघडता म्हणाली, “आता.”

गाणं तुटलं. त्या व्हिडिओवाल्याची गाणी तिथं संपली की काय झालं, देव जाणे. पडद्यावर एखाददुसरा लाल ठिपका उडाला. ती वीत जवळ आली होती. मी पदर दातांत धरला. आणि लाउडस्पीकरचा खरखराट आला, चमच्यांचा आवाज आला, कावळा ओरडला, आणि दादा बोलले.

“सर्व पाव्हने मंडळींना हात जोडून नम्र विनंती आहे. जेवल्याबिगर कोनी जाऊ नये. आपल्या गोरेगावची पंगत हाय. जेवल्याबिगर...”

मी सगळ्यांना सांगत आले होते, मला दादांचा आवाज चांगला आठवतो. नव्हता आठवत. मी विसरले होते, आणि ते मला तिथं कळलं. मला वाटायचं भारदस्त असेल. तो बारीक होता, जरा नाकातला, हसण्याच्या काठावरचा.

चित्रात दोन वेण्यांची मी आले, कडेवर रडणारं लेकरू. दादांनी माइक तसाच धरून दुसऱ्या हातानं भावाला घेतलं. रडणं माइकमध्ये शिरलं आणि सगळी पंगत हसली. लाल ठिपके दाटले, रेघांनी चित्र फाटलं, ती वीत आली. दादांचा सभेतला आवाज गळून पडला आणि घरातला आला.

“काहून रडून राहिला रे राजा? ऐका हो मंडळी, आमचं हे लेकरू बी तेच सांगून राहिलं. जेवल्याबिगर कोनी जायचं न्हाई. तू बी न्हाई रे. सांग त्यायला, सांग.”

आणि माइकमध्ये सात महिन्यांचा माझा भाऊ मोठ्यांदा रडला. मग दादा हसले. मग चित्र साफ झालं आणि पुन्हा गाणं चालू झालं.

कापलं असतं तर ‘रे राजा’ पासून ‘सांग त्यायला’ पर्यंत गेलं असतं. मी नंतर घड्याळ लावून तपासलं.

कॅसेट शेवटपर्यंत चालली. मधे मी उठले नाही, भाऊ उठला नाही. दोन्ही मोबाईलवर सगळं उतरलं. त्या नकलेत मायचं नाक ओढणं आहे, माझी बांगडी वाजलेली आहे, आणि ‘आता’ हा मायचा शब्द अगदी स्पष्ट आहे. मला ते काढून टाकता आलं असतं. मी काढलं नाही. दादांचं वाक्य मी वीस जणांना पाठवलं, चाचांना पाठवलं, गिरणीवाल्याला पाठवलं, आणि त्या स्टुडिओवाल्या पोराचा नंबर शोधून त्यालाही पाठवलं. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. मी माफ केलं.

गोधड्या काढल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. भाऊ तोंड धुवून आला. डोळे लाल होते, पण चेहरा एखाद्या मोठ्या घरच्या माणसासारखा झाला होता. कामावर रात्रपाळी होती, म्हणून त्याला अडीचच्या जीपनं निघायचं होतं. सकाळीच फोन करून त्यानं जीपवाल्याकडे जागा धरून ठेवली होती. भावानं पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या, मायच्या पाया पडला. तेवढ्यात फोन वाजला. जीपवाला होता, इतक्या मोठ्यानं बोलत होता की आम्हालाही ऐकू येत होतं, निघाला का म्हणून.

भाऊ दारात थांबला. मागे वळून त्यानं आमच्याकडे बघितलं आणि चपला काढल्या.

“न्हाई, तुमी जा,” तो फोनवर म्हणाला, “मी पुढच्यानं येतो. आमचे दादा जेवल्याबिगर जाऊ देऊन न्हाई राहिले.”

जीपवाला नवीन होता, त्याला आमच्या घरचं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, “बराबर हाय. म्हाताऱ्या मानसाचं ऐकावं लागतं.”

भाऊ म्हणाला, “म्हातारे न्हाई हो. तेहतीसचे हायेत.”

माय ताटं घ्यायला उठली.